बिनचेहऱ्याची भुतं

व्हर्ना स्टोल्पे बाईंच्या दारी गेली दोन वर्षं हॅलोविनला, म्हणजे मुलांनी वेश करून दारोदार खाऊ मागायच्या संध्याकाळी, एकही पोर फिरकलं नव्हतं. घर गल्लीच्या टोकाला होतं खरं, पण अडचण ती नव्हती. एकतीस वर्षं बालवर्ग शिकवलेल्या बाईंकडे पूर्वी पोरं धावत यायची. अडचण नकाशाची होती. गल्लीत सजावट समिती निघाली आणि तिने नकाशा छापायला सुरुवात केली, तेव्हापासून आईबाप मुलांना नकाशावरच्या घरीच चॉकलेटं मागायला नेऊ लागले. नकाशावर घर यायचं तर सजावट 'गोंडस व कुटुंबाला साजेशी' हवी. बाईंच्या दारात जुनं कागदी वटवाघूळ टांगलेलं असे. समितीच्या मते त्याची नजर बरी नव्हती. दोन्ही वर्षी बाईंनी नोव्हेंबरभर चॉकलेटं एकटीने संपवली आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

यंदा शेजारच्या सात वर्षांच्या टिल्डाने प्रकरण हातात घेतलं. बाई नकाशावर यायलाच हव्यात, असं तिने ठरवून टाकलं. सप्टेंबरपासून तिने दुधाचे अकरा रिकामे, पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकचे कॅन जमवले होते. घरातली माणसं दूध पिऊन पिऊन कंटाळली होती. प्रत्येक कॅनवर काळ्या पेनाने भुताचा चेहरा काढायचा, मागे भोक पाडून आत दिवा सोडायचा, आणि फाटकापासून पायरीपर्यंत रांग लावायची, असा बेत होता. बाईंनी फक्त भोकं पाडून दिली. चेहरे टिल्डाचे. एक भूत दात दुखत असल्यासारखं होतं, एक शाळेच्या बसच्या ड्रायव्हरसारखं, आणि एक नुकतंच कुणाला तरी खाऊन आल्यासारखं तृप्त.

मग समितीची अध्यक्ष ग्रेचेन ब्रांट तपासणीचा फॉर्म घेऊन आली. तीही एके काळी बाईंच्याच वर्गात होती. दुपारी सगळी मुलं झोपली की कोण झोपलं नाही हे बाईंना येऊन सांगायची.

पहिल्या भेटीत दात गेले. दातांनी लहान मुलं दचकतात, असं ग्रेचेनने समजावलं. टिल्डाने स्पिरिटने दात पुसले आणि मिटलेली हसरी तोंडं काढली. दुसऱ्या भेटीत ती तोंडंही गेली, कारण तोंड मिटून हसणारा माणूस काहीतरी लपवतो आहे असं वाटतं. तोंडाविना उरलेले डोळे तिसऱ्या भेटीत वटारलेले ठरले. टिल्डाने त्यांच्या जागी मिटलेले डोळे काढून दाखवले.

"आता मेल्यासारखी दिसतात," ग्रेचेन म्हणाली.

"भुतंच आहेत ना ती?" टिल्डाने विचारलं.

ग्रेचेनने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. उद्या नकाशा छापायला जाणार होता.

बाईंना घाई कधीच नसे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बेरीज अडलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "टिल्डा, चेहऱ्यात अजून काय उरलं?"

"नाक."

ग्रेचेनने पानं उलटली. चेटकिणींच्या चामखिळींमुळे नाकालाही नियम होता.

"मग काहीच काढायला नको," टिल्डा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"ते नियमात बसतं का, मिसेस ब्रांटना विचार."

ग्रेचेनने एकेक ओळ वाचली. दात नाहीत. रोखलेली नजर नाही. दुःख नाही, राग नाही, खोटं हसू नाही. सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा झाल्या. समितीच्या इतिहासात एवढे गुण कुणालाच मिळाले नव्हते, स्वतः ग्रेचेनच्या हसऱ्या बुजगावण्यांनाही नाही. बाईंचं घर नकाशावर आलं.

गावाने वेळ पाच ते सात ठरवली होती. उजेड होता तोवर पोरं आली, 'थँक यू' म्हणाली, जांभया देत पुढे गेली. बुजगावण्यांपाशीही तेच चाललं होतं. सहाला अंधारून आलं आणि टिल्डाने दिव्यांचं बटण दाबलं.

वाटेच्या दोन्ही बाजूंना अकरा पांढरी डोकी उजळली. डोळे नाहीत, तोंड नाही. डोळे नसल्यामुळे ती कुठे बघताहेत ते कळेना, म्हणजे बहुधा आपल्याकडेच. फाटकात मधमाशीच्या वेशातली एक चिमुकली थबकली, जोरात किंचाळली, आणि आनंदाने मैत्रिणींना बोलवायला पळाली. साडेसहाला रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती.

त्या रांगेत ग्रेचेन होती, गाजराच्या वेशातल्या पाच वर्षांच्या ओटिसला घेऊन. फाटकाशी येताच तिचे पाय थांबले.

"बाई, हे मंजूर कुणी केलं?"

"तू केलंस, ग्रेचेन. पैकीच्या पैकी गुण दिलेस."

गाजर तोवर पायरीपर्यंत जाऊन आलं होतं. "आई, मला परत घाबरायचंय," ते म्हणालं, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं.

पावणेसातला चॉकलेटांची परात रिकामी झाली. खाऊ संपला की दारावरचा दिवा मालवायचा, ही गावची रीत. म्हणजे पोरं समजून पुढे जातात. बाईंनी टिल्डाला दिवा मालवायला सांगितला. तिने मालवला. आता अंधारात नुसती अकरा डोकीच उरली.

रांग हलली नाही. ओटिस तिसऱ्यांदा पुढे आला, या वेळी ग्रेचेनही सोबत होती. दोघांनी हात घट्ट धरले होते. कुणी कुणाचा, ते बाईंनी विचारलं नाही.