सहा पेन्सचं नाणं

खोली भाड्यानं देण्याची पाटी खिडकीत अजून होती. विनीनं बाळगाडीचं छत आणखी पुढे ओढलं आणि दार वाजवलं. गाडीत तिची तान्ही रूबी झोपलेली होती. झोपून राहू दे, एवढंच मागणं.

इंग्लंडातल्या लीड्सच्या त्या गल्लीत प्रत्येक उंबरा दगडानं घासून पांढराशुभ्र केलेला. घरमालकीण मिसेस हेपवर्थचा तर नुकताच घासलेला, अजून ओला. त्यांनी आधी विनीच्या बोटातली अंगठी पाहिली, मग पायातले जोडे, आणि मगच तोंडाकडे पाहिलं. नवरा काय करतो, विचारलं. बसवर कंडक्टर, विनी म्हणाली, आणि नाव सांगितलं, ग्रीव्हज.

"हॅलिफॅक्सचे ग्रीव्हज का? चांगली माणसं. जरा कंजूष, पण चांगली."

विनी नुसती हसली. तिचा नवरा क्लाइड वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसचा होता, काळा. त्याच्या गुलाम पणज्याला हे आडनाव उसाच्या मळ्याच्या मालकाकडून मिळालेलं. आधीच सांगून टाक, क्लाइडनं बजावलं होतं. पण आधी सांगून तीन दारं बंद झाली होती, आणि सध्याच्या खोलीत भिंतींना पाणी सुटलेलं. या ओलीत दुसरा हिवाळा पोरीची छाती सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एकदा किल्ली हातात आली की सांगू, असा विनीचा हिशेब.

गाडी उंबऱ्यावर दाराशी ठेवून ती खोली पाहायला आत गेली. खोली कोरडी होती. खिडकीत ऊन होतं. शनिवारी या, मिसेस हेपवर्थ म्हणाल्या. विनीच्या जिवात जीव आला.

दाराशी परत येताच गाडीतून खोकला ऐकू आला. एकदा, मग पुन्हा.

"अगं, बाळाचं तोंडही पाहिलं नाही मी," म्हणत बाईंनी एप्रनच्या खिशातून सहा पेन्सचं चांदीचं नाणं काढलं. पहिल्यांदा बाळ पाहताना त्याच्या मुठीत चांदी द्यायची. ही रीत कुणी चुकवत नाही. विनीनं सगळ्याचा विचार केला होता, फक्त याचा नाही.

झोपलीये, ती म्हणाली. पण बाईंनी छत मागे सारलंच.

रूबीनं डोळे उघडले. मधाच्या रंगाची छोटी मूठ दुलईबाहेर आली. मिसेस हेपवर्थचा हात हवेतच थांबला. त्यांनी बाळाकडे नाही, समोरच्या घराकडे पाहिलं. तिथला पडदा बोटभर सरकलेला होता.

नाणं दुलईवर पडलं.

"पाटी काढायची राहिली बघ माझी. सकाळीच एकाला शब्द दिलाय."

"शनिवारी या म्हणालात."

"मी इथं एकटी राहते, पोरी. मला याच गल्लीत राहायचंय."

आवाजात राग नव्हता, भीती होती. विनीला ती ओळखू आली. लग्नानंतर आलेल्या तिच्या आईच्या पत्रातही हीच होती. म्हणूनच जास्त लागलं.

"चांदी टाकायची नसते, बाई. हातात द्यायची असते," विनी म्हणाली. "माझी आईसुद्धा अजून द्यायला आलेली नाही."

ती थांबली, बाईंना वेळ दिला. रूबीची मूठ उघडीच होती. बाई हलल्या नाहीत.

विनीनं नाणं उचलून पांढऱ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि गाडी वळवली.

कोपऱ्यावर तिनं मागे पाहिलं. मिसेस हेपवर्थ गुडघ्यांवर बसून उंबऱ्यावरचे चाकांचे डाग घासत होत्या. नाणं मात्र जागच्या जागी होतं. त्याला न शिवता त्या सभोवार दगड फिरवत होत्या.