मोकळ्या कपाळाचं चित्र

परभणीत माझी दोन नावं. तोंडावर सिद्रामप्पा, पाठीमागं चितरवेडा आप्पा. मला दोन्ही ऐकू येतात.

वडिलांची कापसाची जिनिंग सांभाळता सांभाळता मला चित्रांचा नाद लागला, आणि तोही हयात माणसांनी काढलेल्या चित्रांचा. मुंबईत, हैदराबादेत कुणी तरुण काही नवं रंगवतोय असं कळलं की मी गाडीत बसलोच. लाकडी खोकी स्टेशनवर उतरली की हमाल विचारायचे, "आप्पा, आरसे हायत का?" होता होता माडीवर बेचाळीस चित्रं झाली. बघणारं मात्र कुणी नाही. तहसीलदारसाहेब चहाच्या कपाकडं बघत "बहोत खूब" म्हणायचे. दिनकरराव वकील प्रत्येक चित्राखाली थांबून विचारायचे, "हे आपले कोण?" गाढवाला गुळाची चव काय! शेजारी कुणीतरी उभं राहावं आणि माझ्यासारखं बघावं, एवढंच मला हवं होतं. ते मिळेना, आणि माडीवरचं ते एकटेपण मला खात असे.

माझी बायको महादेवी तर म्हणायची, "तुमची चितरं तुमाला लखलाभ." मीही तिला कधी वर बोलावलं नाही. तिला काय कळणार, असं धरून चाललो होतो.

अडतीस साली मुंबईचा एक चित्रकार महिनाभर माझ्याकडं राहिला. जाण्याच्या आठवडाभर आधी त्यानं एक चित्र पुरं केलं. बांधावर बसलेली कापूस वेचणारी बाई, ओटीत कापूस, हातात हिरवा चुडा, गळ्यात डोरलं. त्या चित्रापुढं मी जेवणसुद्धा विसरत असे. एका सकाळी जिनिंगवरून लवकर परतलो आणि चित्रकाराला घेऊन वर गेलो, तर त्या बाईच्या कपाळावर ओलं कुंकू! करंडा हातात धरून महादेवी शेजारीच उभी.

"अक्कल गहाण ठेवलीस का? हे काय देवघर हाय?" परक्या माणसादेखत मी ओरडलो.

"हातात चुडा हाय, गळ्यात डोरलं हाय, अन् कपाळ मोकळं," ती म्हणाली. "तुमी जिनिंगला गेलात की रोज येते मी वर. मला लय वाईट वाटायचं तिचं."

चित्रकार चित्राजवळ गेला. "खरंच की आप्पा, कपाळ माझ्याकडून राहूनच गेलं."

मी कुणाचंच ऐकलं नाही. कापसाच्या बोळ्यानं कुंकू पुसून काढलं. तरी तांबूस डाग राहिला तो राहिलाच. महादेवी खाली गेली आणि त्यानंतर तिनं जिन्याला पाय लावला नाही. आठ वर्षं आम्ही ताटापुरतं बोललो.

सेहेचाळीसच्या पौषात ती तापानं गेली. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. भिंतीला टेकवून तिला बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे होते. स्वामी आले, बायका जमल्या. स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली राबलेल्या नागुबाईनं करंडा पुढं केला. "आप्पा, शेवटचं कुंकू तुमच्या हातानं."

मी बोट बुडवलं आणि हात तिथंच अडला. कुंचल्याच्या नुसत्या फटकाऱ्यावरून चित्रकार ओळखणारा मी! तीस वर्षं रोज समोर बसून वाढणाऱ्या बायकोचं कुंकू कसं असायचं, ते मला आठवेना. शेवटी गोल टिळा लावला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"बाई आडवी चिरी लावायच्या, आप्पा," नागुबाई हळूच म्हणाली आणि पदरानं पुसून तिनंच ते नीट केलं.

माती देऊन आलो आणि तसाच माडीवर गेलो. दुपारचं ऊन नेमकं त्या चित्रावर आलं होतं. आठ वर्षं पाहुण्यांना सांगत होतो, "तेवढ्या डागाकडं दुर्लक्ष करा." आज पहिल्यांदा अगदी जवळ जाऊन बघितलं. तो डाग नव्हताच. आडवी चिरी होती. माझं नशीब बघा, ज्या सोबतीसाठी मी मुंबई-हैदराबाद पालथं घातलं, ती माझी पाठ वळली की रोज इथं येऊन उभी राहत होती.

मी जिन्याच्या तोंडाशी गेलो. खाली बायका सारवत होत्या.

"महादेवी," मी हाक मारली, "वर ये."

तीस वर्षांत पहिल्यांदाच.