साठावं घर

"भाऊ, बोला की काहीतरी! माझा जीव इथे टांगणीला लागलाय आणि तुम्ही आपले त्या डायलमध्ये घुसून बसलाय."

सिस्टर असं म्हणाल्या तेव्हा टेबलाभोवतीचे सगळे हसले. भिंगकाका हसले नाहीत. उजव्या डोळ्यात बसवलेलं भिंगही त्यांनी काढलं नाही.

एरवी त्यांना अर्धं मिनिट पुरायचं. घड्याळ हातात घ्यायचं, तबकडीवरून नजर फिरवायची आणि "हं" म्हणायचं. तो "हं" आखूड असला तर तबकडी मूळची, कारखान्यातली. लांबला, की समजायचं रंगवलेली आहे, आणि मालकानं घड्याळ मुकाट्यानं खिशात घालून खाली चहाला जायचं. त्यावर अपील नाही. आज मात्र तिसरं मिनिट संपत आलं तरी हं नाही की चूं नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला इथे गावातले घड्याळवेडे जमतात. लांब टेबलावर हिरवं कापड अंथरतात आणि ज्याच्याकडे जे असेल ते त्यावर ठेवतात. त्यातल्या एकेका घड्याळाच्या किमतीत घराला नवं छप्पर होईल. घरी विचारलं तर "असंच, जुन्या बाजारात मिळालं" म्हणायचं, हा इथला पहिला नियम. दातांचे डॉक्टर इथले अध्यक्ष. बाकी एक निवृत्त कंडक्टर, एक दोन दुकानदार, एक शिक्षक, आणि सिस्टर.

सिस्टरनी चौतीस वर्षं इस्पितळात काढली आणि गेल्याच आठवड्यात निवृत्त झाल्या. नोकरीला लागल्या त्या वर्षी एका पेशंटच्या मनगटावरून, ऑपरेशनला नेण्याआधी, त्यांनी असंच एक घड्याळ उतरवून घेतलं होतं. साय रंगाची तबकडी, खाली सेकंदाचं नखाएवढं वेगळं वर्तुळ. ऑपरेशन चार तास चाललं आणि ते घड्याळ चार तास त्यांच्या खिशात होतं. तेव्हापासून बाईंनी दुसऱ्या कुठल्या घड्याळाकडे मान वर करून पाहिलं नाही. आता फंडाचे पैसे हातात आले होते आणि डॉक्टर आपला संग्रह कमी करायला निघाले होते. आठ वर्षं लॉकरमध्ये पडलेलं अगदी तसंच घड्याळ डॉक्टरांनी आज पहिल्यांदा टेबलावर ठेवलं होतं. "भाऊंनी एकदा हं म्हटलं की पैसे मोजते," असं सिस्टर जिना चढतानाच म्हणाल्या होत्या.

आणि काका काय बघत होते? स्वतःचा हात.

ही गोष्ट त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हती. काका छापखान्यातून निवृत्त झाले एवढंच सगळ्यांना माहीत. छापखान्याच्या आधी ते पाट्या रंगवायचे. पाट्या मशीनवर छापून मिळायला लागल्या आणि चांगल्या चांगल्या पेंटरांच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा एका घड्याळवाल्यानं त्यांना दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर नेऊन बसवलं. जुनी, डागाळलेली तबकडी धुवायची आणि पहिल्यासारखी पुन्हा रंगवायची. आकडे, नाव, रेघा, सगळं हातानं, चार केसांच्या ब्रशानं. अकरा वर्षं त्यांनी ते काम केलं. नंतर नंतर हात असा काही बसला, की ब्रशाची रेघ टोकाला निमुळती होते तीसुद्धा ते ब्लेडच्या कोपऱ्यानं तासून छापील करायचे. दुकानदार गिऱ्हाइकाला काय सांगतो, ते काकांनी कधी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण माहीत होतं.

तर रंगवलेली तबकडी चटकन ओळखण्याची त्यांची ती जादू ही अशी होती. लोक तोंडात बोटं घालायचे, "काय नजर आहे, देवाची देणगी!" म्हणायचे, आणि काकांची छाती फुगायची. आतून टोचायचंही. पण मान मिळायला लागला की माणूस टोचणी गिळायला शिकतो. साठीनंतर कुणी आपल्याला विचारून घड्याळ घेतंय, कुणी आपल्यासाठी खुर्ची सोडतंय, हे सुख काही लहान नव्हे. पाट्यांच्या धंद्यात शिडी धरायलासुद्धा कुणी थांबायचं नाही.

या तबकडीवर मात्र ओळखण्यासारखं काही नव्हतं. रेघा छापल्यासारख्या, रंग मुरलेला, वर जुनेपणाची हलकी पिवळी झाक. जगातल्या कुठल्याही जाणकारानं मूळची म्हणून मान डोलावली असती. एक गोष्ट सोडून. नखाएवढ्या वर्तुळात रेघांनी साठ घरं पाडायची तर तिथे कंपास चालत नाही, नजरेनंच पाडावी लागतात. दर घरात काही कमीजास्त होतं आणि ती सगळी चूक जमत जमत शेवटच्या घरात येऊन बसते. काकांचं साठावं घर नेहमी केसभर अरुंद व्हायचं. म्हणून ते सुरुवात वरच्या टोकापासून करायचेच नाहीत, भलतीकडूनच करायचे, म्हणजे ते अरुंद घर बावन्न आणि त्रेपन्नच्या मध्ये पडायचं. तिथे कोण बघतंय?

आज ते स्वतःच बघत होते.

"चहा घेऊन येतो," काका एकदम म्हणाले आणि घड्याळ हिरव्या कापडावर ठेवून उठले.

"चहा?" डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. "अहो, आधी हं तर म्हणा."

"आलोच."

बाहेरच्या पॅसेजमध्ये खिडकीपाशी उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. बायकोनं फोन उचलला तोच कढईच्या आवाजासकट.

"काय विसरलात?"

"अगं, विसरलो नाही. सापडलंय. डॉक्टर घड्याळ विकतायत, त्याची डायल माझ्या हातची आहे."

कढईचा आवाज थांबला. "कोण घेतंय?"

"सिस्टर."

"आपल्या सिस्टर? मला ताप होता तेव्हा रात्रंदिवस बसल्या होत्या, त्या?"

"त्याच. आणि कुणाला कधी कळणार नाही, बरं का. मी हं म्हटलं की संपलं. त्या खूश, डॉक्टर खूश."

"मग फोन कशाला केलात? खोटं बोलायला माझी परवानगी हवीय होय?"

"सांगितलं तर काय म्हणतील सगळे? मी इतकी वर्षं लोकांची घड्याळं नापास करत बसलो..."

"म्हणतील ते म्हणतील. अकरा वर्षं डोळे फोडून काम केलंत तुम्ही, त्याच्यावर हे घर चाललं. ते लपवता कशाला, तेच मला कधी कळलं नाही. तुम्हाला लाजायचंच असेल तर त्या दुकानदाराच्या वेळी गप्प बसलात त्याची लाज वाटू द्या, कामाची नको. ठेवते, भाजी लागली माझी."

तिनं फोन ठेवला. बायकोचा त्यांना राग आला होता, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी हे सांगितलं नसतं हेही कळत होतं. चहा न घेताच ते आत आले.

"डॉक्टर," ते उभ्यानंच म्हणाले, "डायल रंगवलेली आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "शक्यच नाही! तीन जाणकारांना दाखवून घेतलंय मी. मूळ म्हणून पैसे मोजलेत, काका. नीट बघा."

"बावन्न आणि त्रेपन्नच्या मधलं घर बघा तुम्हीच."

दातांच्या डॉक्टरांना बारीक बघायची सवय. त्यांनी काकांचंच भिंग डोळ्याला लावलं, दिवा जवळ ओढला, श्वास रोखून एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा मोजलं.

"अरुंद आहे," ते हळूच म्हणाले. "केसभर. पण एवढं तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं नाही. आठवलं. मीच रंगवलीय ती."

भूल न देताच दाढ उपटावी तसे डॉक्टर गालाला हात लावून बसले. मग टेबलाच्या टोकाकडून कंडक्टर उठले. त्यांचं घड्याळ काकांनी दोन वर्षांपूर्वी नापास केलं होतं आणि त्यानंतर ते सहा महिने काकांशी बोलत नव्हते.

"म्हणजे माझं ते..."

"तेही माझंच," काका खाली मान घालून म्हणाले. "सुरुवातीचं आहे. हात बसला नव्हता."

कंडक्टर असे हसले, की खालून ग्रंथपाल "शूऽऽ" म्हणाले. "अहो, स्वतःचाच पेपर स्वतः तपासून नापास केलात की हो! आणि रुसलो मी!"

त्यांच्या हसण्यानं बाकीचेही सैलावले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "ज्या दुकानातून घेतलं त्या घड्याळवाल्यानं मला शपथेवर सांगितलं होतं," ते म्हणाले.

"त्याच्याच मागच्या खोलीत बसून रंगवायचो मी. मला माहीत होतं तो काय सांगतो ते. मी गप्प बसलो. पोटाचा प्रश्न होता, पण बोलायला हवं होतं. चुकलं माझं, डॉक्टर." काकांनी भिंगाकडे बोट केलं. "आणि यापुढे ते भिंग माझ्याकडे नको. इथे दुसरं कुणीतरी बघत जा."

ते पिशवी उचलून जिन्याकडे वळणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "बसा." चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईचा आवाज तो. काका बसले.

सिस्टरनी डॉक्टरांच्या हातून भिंग घेतलं. त्यांना ते डोळ्यात नीट बसवता येईना, म्हणून बोटांनी धरून त्यांनी घड्याळ अगदी नाकापाशी आणलं. बराच वेळ बघितलं. सगळ्या खोलीनं वाळीत टाकलं असतं तरी चाललं असतं, पण या बाईच्या मनातून उतरणं त्यांना सोसवणारं नव्हतं.

"भाऊ, हे सगळं हातानं?"

"हो."

"या एवढ्याशा गोलाला किती वेळ लागला?"

"चार दुपारी. श्वास सोडला की हात हलतो, म्हणून एका श्वासात एकच रेघ."

"साठ रेघा, साठ श्वास," सिस्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "मघाशी घड्याळ हातात घेतलं ना, तेव्हा वाटलं, काय शांत चेहरा आहे याचा. तो कारखान्याचा असेल म्हणून मी खूश होते. तो तुमचा निघाला. मला काय, जास्तच आवडलं." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, मी घेणार म्हणजे घेणार. पण आता किंमत खरी सांगा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच पुसला. "रंगवलेल्याला तिसरा हिस्सा येतो," ते म्हणाले. "त्याहून जास्त मला मागता येणार नाही." मग थोड्या वेळानं, नाइलाज झाल्यासारखे, "चार दुपारी! मी दाताला कॅप बसवायला दोन दुपारी घेतो तर पेशंट बोंब मारतो."

काकांना हसू आलं. डॉक्टर पूर्ण विसरले नव्हते, विसरायला वेळ लागणार हे दिसतच होतं. पण बोलले तरी. काकांना छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटलं, इतकं हलकं त्यांना या खोलीत मानाच्या खुर्चीवर बसूनही कधी वाटलं नव्हतं.

मंडळाचा व्यवहार म्हणजे कागद आलाच. डॉक्टरांनी कपाटातून छापील तक्ता काढला आणि भरायला घेतला. केस मूळची. मशीन मूळचं. काटे मूळचे. तबकडी, रंगवलेली. त्यापुढे एक रकाना असतो: कारागीर. मंडळाच्या सगळ्या जुन्या तक्त्यांत तिथे आडवी रेघ आहे, कारण अशा कामाचा कारागीर कधीच कुणाला माहीत नसतो. डॉक्टरांच्या पेनानंही सवयीनं रेघ ओढली. मग ते थांबले, रेघ खोडली, तक्ता फिरवून काकांच्या पुढे केला आणि पेन दिलं.

"इथे," ते म्हणाले.

काकांनी पेन हातात घेतलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचीच नावं लिहिली होती, दुकानांची, दवाखान्यांची, परदेशातल्या कारखान्यांची. त्यांनी श्वास घेतला आणि रोखून धरला. आणि स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर कोरून लिहिलं. रकाना लहान होता, आडनाव बाहेर समासात गेलं.

"असू दे," सिस्टर म्हणाल्या आणि घड्याळ बांधायला त्यांनी मनगट पुढे केलं.