हन्नाच्या नावावर चाललेली टाकी

मी एक जुनी टाकी आहे. पाणी भरायची नव्हे, मित्रांनो, दगड घडवायची. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड. हातोडीचे घाव खाऊन खाऊन माझं डोकं आता छत्रीसारखं पसरलं आहे आणि धार तर केव्हाच गेली. पण एके काळी अख्ख्या जबलपुरात माझ्याइतकी तिखट टाकी नव्हती. हा गर्व आहे, हे मला कळतं. त्याच गर्वापायी माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली.

माझा जन्म मझौलीच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. टांग्याच्या चाकावरच्या तुटक्या पोलादी कमानीचा तुकडा त्याने लालभडक तापवला, ठोकला आणि पाण्यात बुडवला. चर्र आवाज झाला आणि मी जगात आले. शालिग्राम पाथरवटाने नखावर माझी धार पाहिली, मान डोलावली आणि मला पिशवीत टाकलं. त्याचे आजोबा वऱ्हाडातून पोट भरायला इकडे आले होते. बाजारात हिंदी आणि घरात मराठी, असा त्याचा संसार होता.

ते मध्यप्रांताचे दिवस. सकाळी भाकरी बांधून आम्ही निघायचो. जातं गुळगुळीत झालं की पीठ भरड येतं, मग बायका आम्हाला हाक मारायच्या. मी टकटक करत दगडाच्या तोंडावर बारीक खळगे पाडायची आणि जातं पुन्हा झरझर दळू लागायचं. "शालिग्रामभैयाच्या टाकीची बातच निराळी!" असं कुणी म्हटलं की तो लाजायचा, मी मात्र फुगायची. झिजलं की टाकी लावायची, एवढीच विद्या आम्हा दोघांना ठाऊक होती.

मलकाबाई नवगावकर रेल्वेच्या क्वार्टरात राहायच्या. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुदी. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. त्यांच्या पाट्याला टाकी आम्हीच लावायचो आणि दर खेपेला शालिग्रामला तिथे पेलाभर चहा मिळायचा. बाईंची मुलगी हन्ना सात वर्षांची असताना देवीच्या साथीत गेली होती. गावाबाहेर यहुद्यांचं लहानसं कब्रस्तान होतं, तिथे तिचा दगड उभा होता. पुढे बाईंची नजर गेली. तरी त्या दर आठवड्याला मुलाचा हात धरून तिथे जायच्या आणि दगडावर हात फिरवून यायच्या. असं बावीस वर्षं चाललं होतं.

एका उन्हाळ्यात वादळ आलं, कडुनिंबाची फांदी मोडून पडली आणि त्या दगडाचे दोन तुकडे झाले. त्याच आठवड्यात बाईंच्या मुलाची, रुबेनची, बदली कराचीला झाली. पंधरा दिवसांत क्वार्टर रिकामं करायचं होतं. बाई स्वतः चाचपडत आमच्या दारी आल्या.

"शालिग्राम, मी जायच्या आधी माझी पोर उभी करून दे रे," त्या म्हणाल्या. "मग इथं तिला विचारणारं कोण आहे?"

शालिग्रामने ते काम घरचं समजून केलं. आधी साध्या पाण्याने आणि काथ्याच्या कुंच्याने शेवाळ काढलं. तिलवाऱ्याच्या घाटावर लोखंडी खिळे गंजून दगड फुटलेले त्याने पाहिले होते, म्हणून इथे त्याने तांब्याची खीळ घेतली. तिच्यासाठी मी आतून दोन भोकं पाडून दिली. चुन्यात बारीक वाळू, गूळ आणि बेलाचा गर कालवून त्याने सांधा भरला. मग रोज ओलं पोतं गुंडाळून ठेवलं. चौदाव्या दिवशी पोतं सोडलं, तेव्हा दगड ताठ उभा होता. त्या वेळी आम्ही थांबायला हवं होतं!

पण अक्षरं झिजून पुसट झाली होती. वर त्यांच्या धर्माच्या भाषेतल्या दोन ओळी होत्या, त्या शालिग्रामला वाचता येत नव्हत्या. खाली मराठीत 'हन्ना' आणि 'वय सात वर्षे' असं होतं. बाई एवढ्या लांब चालल्या आहेत, त्यांना मागितलं त्यापेक्षा जास्त द्यावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने मला उचललं. खरं सांगते, मला उकळ्याच फुटत होत्या. आम्ही त्या नावाची दोन्ही अक्षरं खोल कोरली आणि भोवतालच्या दगडालाही जात्यासारखी टाकी लावली. खालच्या ओळीला हात घालणार, तोच रुबेन बाईंना तिथे सोडून गेला.

त्यांनी बोटं टेकली आणि एकदम मागे घेतली.

"ही कोण?"

"काहून बाई? तुमचीच पोर आहे न. नाव पार झिजून गेलं होतं, नवं करून देऊन राहिलो."

"अरे, माझी पोर अशी खरखरीत नव्हती रे," बाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

शालिग्रामच्या हातून मी गळून पडले. ती अक्षरं वाऱ्यापावसाने झिजली नव्हती, मित्रांनो. ती त्या माउलीच्या हाताने झिजली होती. बावीस वर्षांची ती माया मी घटकाभरात खरवडून काढली. मला इतकी लाज आजवर कधीच वाटली नाही.

"मी घासून देतो, बाई," शालिग्राम रडवेला होऊन म्हणाला.

"नको. पाणी दे आणि मूठभर बारीक वाळू दे."

दुसऱ्या दिवशी गाडी होती. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बाई ओल्या वाळूने ते नाव आपल्या तळव्याने घासत बसल्या आणि शालिग्राम पाणी घालत राहिला. रुबेन न्यायला आला तेव्हा उठताना त्या म्हणाल्या, "अजून टोचतं रे. राहिलेलं तू कर. पण अवजार नको. हातानंच कर, येता-जाता."

बाई कराचीला गेल्या आणि परत आल्या नाहीत. शालिग्राम मात्र दर आठवड्याला तिथे जायचा, हात फिरवायचा आणि "आलो बरं का, हन्ना" म्हणायचा. मित्रांनो, पडलेला दगड जरूर उभा करा, फुटलेला सांधून घ्या. पण झिजलेल्या वस्तूला नवं करण्याआधी ती कोणाच्या हाताने झिजली, हे एकदा विचारा. शालिग्रामने ते विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढे शालिग्रामचे गुडघे गेले. मग त्याची लेक पुष्पा त्याला धरून न्यायची. एकदा तिने स्वतः त्या नावावर बोट फिरवून पाहिलं.

"बाबा, हे तर कधीचं गुळगुळीत झालं. आता काहून येता इतक्या लांब?"

शालिग्रामने हात दगडावरच ठेवला.

"नाही गं पोरी," तो म्हणाला, "मला अजून खरखरीत लागतं."