मासा वर आलेला असताना

माझा दादा घड्याळजी. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं तर दादाला पाय आखडून घ्यावे लागतात. त्याच टेबलावर, त्याच चिमट्याने तो फावल्या वेळात गळाला पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून खोट्या माश्या बनवतो. अशी माशी लांब दोरीने पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसला की पकडायचा आणि लगेच सोडून द्यायचा. एवढ्यासाठी रस्ता संपल्यावर पाठीवर तंबू घेऊन चार तास जंगलातून चालायचं. मला विचाराल तर शुद्ध वेडेपणा. पंचवीस वर्षं मी त्याच्याबरोबर जातो आहे.

यंदा वहिनी सोडायलाच तयार नव्हती. तीन महिन्यांपूर्वी दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर हो म्हणाले, तरी ती दारात आडवी. शेवटी गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात कोंबून म्हणाली, "भावजी, तुमच्या भरवशावर पाठवतेय. यांना नजरेआड होऊ देऊ नका."

"अगं, मी काय रांगतं पोर आहे?" दादा म्हणाला.

"रांगतं पोर हाक मारली की बघतं तरी."

तिचं काही चुकलं नव्हतं. नदीवर दादाचा एकच नियम: मासा वर येऊन किडे टिपत असला की कोणी चकार शब्द काढायचा नाही. माणसाचं बोलणं पाण्याखाली ऐकू जात नाही, असं मी एकदा त्याला सांगून पाहिलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

नदीकाठी तंबू ठोकला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन तंबूवर आलं होतं. दादाचं अंथरूण रिकामं, सकाळची गोळी पाकिटात तशीच. आधी राग आला. हाका मारत मी काठाकाठाने वरच्या अंगाला निघालो. उत्तर नाही. पहिल्याच वळणावर पाण्यात वाकलेल्या फांदीला त्याची टोपी अडकलेली दिसली.

मग मी धावत सुटलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. एक बूट चिखलात रुतला, तो काढायलाही थांबलो नाही. वहिनीला काय तोंड दाखवू, असं आधी मनात येत होतं. नंतर तेही मागे पडलं. दादा नसेल तर मी काय करू, एवढंच उरलं. साठीला आलो तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढच्या वळणापलीकडे तो उभा होता. मांडीभर पाण्यात, बोडक्या डोक्याने, ठणठणीत. टोपी वाऱ्याने नेली होती, बाकी काही नाही. मला पाहून त्याने ओठांवर बोट ठेवलं. त्याच्यासमोर पाण्यावर एक मोठं वर्तुळ उमटलं, मग दुसरं. माझी एकूण एक हाक या महाशयांनी ऐकली होती आणि नियम पाळला होता.

शिव्या अगदी ओठांवर आल्या. पण पंचवीस वर्षांची सवय, मी गप्प राहिलो आणि मटकन दगडावर बसलो. एकदम हायसं वाटलं. मग हुंदका आला. दाबून पाहिला, दाबला गेला नाही.

दादाने मान वळवली. माझा चिखलाने माखलेला पाय पाहिला, त्यातून येणारं रक्त पाहिलं. मासा अजून वर येत होता. दादाने दोरी गुंडाळली आणि पाणी खळाळवत तो सरळ माझ्याकडे आला. वर आलेला मासा सोडून तो बाहेर आलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"वाटलं, चहाला बोलावतोयस," तो म्हणाला.

"चहाला कोणी अर्धा तास बोंबलतं का, गाढवा?"

थोरल्या भावाला मी पहिल्यांदाच गाढव म्हणालो. तो खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि ओंजळीने पाणी घालून धुवायला लागला. मागे मासा पुन्हा वर आला.

"पुढच्या वेळी ओ देईन," दादा म्हणाला. चांगलं मोठ्याने म्हणाला, पलीकडच्या काठापर्यंत जाईल असं.