मधली चटई

डाग दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब होता. वरच्या टोकाला काळपट, खाली फिकट तांबूस, कडेने मुंग्यांची बारीक रांग. नेलिदाने नखाने थोडा खरवडून जिभेला लावला. कडू. ही चव ती चौदा वर्षं ओळखत होती.

डाग गाण्याच्या घराखाली, डावीकडच्या खांबावर होता. घर खांबांवर उभं. वरची जमीन ताडाच्या पट्ट्यांची, बोट जाईल एवढ्या फटींची. या खांबाच्या नेमकी वर विल्मेरची चटई असे. मधली चटई मुख्य वैद्याची. ती त्याच्या आईची, म्हणजे नेलिदाच्या एर्मेलिंदामावशीची. उजवीकडची नेलिदाची.

म्हणजे विल्मेर काढा पीत नव्हता. अंधारात पेला ओठांशी नेऊन फटीतून खाली सोडत होता.

आम्हा शिपिबो लोकांत रोगी काही पीत नाही. वेलीचा काढा वैद्य पितो, रोग पाहतो आणि जे दिसेल ते गातो. न पिता गायलं तर ते कोरडं गाणं. एखाद्याला कोरडं गाणारा म्हटलं तर त्याच्या घरचे पुढे दोन पिढ्या तुमच्या होडीत बसत नाहीत.

नेलिदा गावच्या आरोग्यकेंद्रात एकतीस वर्षं परिचारिका होती. टाके, इंजेक्शनं, मलेरियाच्या काचपट्ट्या. चौदा वर्षं तिची रजा मात्र वैद्यकी शिकण्यात, मावशीने नेमून दिलेल्या जंगलातल्या झोपडीत जायची: एका झाडाच्या सालीचं पाणी, बिनमिठाचा मासा, भाजलेलं कच्चं केळं, बोलणं बंद. अशी नऊ झाडं झाली होती. "आता मधे कधी बसतेस?" मावशी दरवर्षी विचारी. "पुढच्या वर्षी," नेलिदा म्हणे. आधी मुलीचं शिक्षण होतं, मग नवऱ्याचं आजारपण. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. काचपट्टीवर जंतू दिसतो तसा काढा प्यायल्यावर तिला रोग दिसे. पण तो रोग्याच्या अंगातला की आपल्या मनातला, हे पडताळायला तिच्याकडे काही नव्हतं.

विल्मेरला असले प्रश्न पडत नसत. तो गोड गायचा, शहरातून पाहुणे आणायचा, आणि आई थकली, आता चटई माझीच, असं धक्क्यावर सांगत फिरायचा.

उद्या वरच्या वळणावरच्या गावातून एक बाई तिच्या मुलीला घेऊन येणार होती. मुलगी दहा वर्षांची, तीन आठवडे बोललेली नाही. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. नेलिदानेच त्यांना मावशीकडे पाठवलं होतं.

एक डाग म्हणजे पुरावा नव्हे. दुपारी ती गॉजच्या तीन पट्ट्या घेऊन घराखाली गेली. एक विल्मेरच्या चटईखाली, फटींना लागून बांधली. तुलनेला काहीतरी हवं म्हणून एक स्वतःच्या जागेखाली आणि एक मावशीच्या.

"काय गं ताई, घराला लागलंय का कुठे?" विल्मेर वाकून बघत होता. "बँडेज बांधतेस ते?"

"वाळवी बघतेय."

"गॉजवर येते वाळवी? मग इंजेक्शनपण दे एक, कंबरेत. गेल्या पुरापासून कललंय बिचारं."

"आज रात्री तू पिणार आहेस ना?"

त्याचं हसू गेलं. "हा काय प्रश्न झाला? ताई, चौदा वर्षं शिडीवर उभी आहेस. वर चढत नाहीस तर नको चढू. पण वाट तरी सोड."

त्या रात्री एका म्हाताऱ्याच्या पाठदुखीसाठी गाणं झालं. नेलिदाने कान विल्मेरकडेच ठेवले. काढा प्यायल्यावर होते तशी त्याला उलटी झाली. उलटीचा आवाज खोटा काढता येतो, अशी तिने मनात नोंद केली.

सकाळी ती घराखाली गेली. तिच्या जागेखालची पट्टी कोरी होती. विल्मेरच्या जागेखालची कोरी होती. मावशीच्या जागेखालची भिजून वाळलेली, तपकिरी, पुठ्ठ्यासारखी ताठ.

पट्ट्या जागच्या जागी आहेत ना, हे तिने दोनदा पाहिलं. मग मावशीच्या जागेखालची सोडून घेतली, वर जाऊन मावशीच्या चटईच्या जागी पेलाभर पाणी ओतलं आणि धावत खाली आली. थेंब जमिनीच्या खालच्या अंगाला धरून डावीकडे सरकत होते. विल्मेरच्या खांबाशी ते थांबले आणि डागावरून खाली उतरले. घर कललं होतं.

मावशी पडवीत भरतकाम करत बसली होती. नजर अधू झाल्यापासून नक्षीचे टाके ती बोटांनी मोजत असे. नेलिदाने पट्टी तिच्या मांडीवर ठेवली. मावशीने ती चाचपली, नाकाशी नेली.

"चांगलं बँडेज फुकट घालवलंस," ती म्हणाली.

"कधीपासून, मावशी?"

"तू यंत्राने माझा दंड आवळलास, तेव्हापासून."

नेलिदाला रक्तदाबाचा तो आकडा पाठ होता. एकशे नव्वद, एकशे दहा. हा काढा आता तुझ्या हृदयाला झेपायचा नाही, असं तिने चौदा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. तुझ्या यंत्राला गाता येतं का, असं विचारून मावशी तरातरा निघून गेली होती. 'रुग्ण सल्ला मानत नाही,' असं नेलिदाने केंद्राच्या वहीत लिहिलं होतं.

"मग सांगायचंस ना! चौदा महिने कोरडी गातेस, आणि लोक लांबून लांबून—"

"कुणाला सांगू? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विल्मेर बसला असता."

"तो खरंच पितो, मावशी. मला वाटलं होतं, तोच ओततो."

"पितो की. पोटभर पितो. पण पिऊन तो रोग्याला ऐकत नाही गं, स्वतःचा आवाज ऐकत बसतो. मीच जन्म दिलाय, मला कळत नाही होय?" मावशीने सुई कापडात टोचून ठेवली. "तू म्हणालीस, पुढच्या वर्षी. मी म्हटलं, तेवढं वर्ष आठवणीतली गाणी पुरतील."

"पुरली?"

मावशीने कापड बाजूला सारलं. "काल त्या म्हाताऱ्याला मी त्याच्या भावासाठी पूर्वी गायलेलं गाणं दिलं. मेला तो भाऊ, पाच वर्षं झाली. दुसरं काही आठवेना. म्हातारा रडला, माझे हात धरून कपाळाला लावले." तिने दोन्ही तळवे झग्याला पुसले. "सकाळपासून धुतेय."

नदीवर मोटारीची होडी फटफटत वळली आणि धक्क्याशी बंद पडली. थोड्या वेळाने विल्मेर अंगणात आला. त्याच्यामागे एक बाई, आणि बाईचा झगा मुठीत धरलेली मुलगी.

"आई, आल्या बघ या. लांबून आल्यात, आज मधे मीच बसतो, तू आराम कर." मग हळूच, "आणि ताई, वाळवी सापडली का?"

"नाही. विल्मेर, मी तुझ्याबद्दल भलतंच मनात आणलं होतं. चुकलं माझं."

"काय आणलं होतंस?"

"नंतर सांगेन."

मावशीने सुई पुन्हा उचलली होती, पण टाका घातला नव्हता. नेलिदाने तिच्या मांडीवरची पट्टी घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मुलगी तिच्याकडे पाहत होती. नेलिदानेही पाहिलं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागापासून नखांपर्यंत, सवयीने. मग पुन्हा एकदा, हळू.

"मावशी, तू माझ्या उजवीकडे बस," ती म्हणाली. "आज मधे मी बसते."