चांगदेवाचं स्टूल

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात चांगदेव सात वर्षं डायनामोसमोर बसला. बर्फाचं यंत्र सुरू झालं की विजेचा दाब पडायचा, थांबलं की चढायचा. तो छोटं चाक फिरवत दाबाच्या मीटरचा काटा एकशेदहावर धरून ठेवी. धक्क्यावरचा दिवा त्याच विजेवर, आणि होड्या खडकांतून आत येत त्या दिव्याकडे बघून.

शिमग्यात चांगदेव तापाने गेला. तेव्हापासून धक्क्यावर एकामागून एक लावलेले तीन दिवे उडाले. म्हातारा दिव्यात येऊन बसतो, लोक म्हणत.

उरलेला शेवटचा दिवा लावला, त्या तिन्हीसांजेला चांगदेवाची लेक केसर धक्क्यावर उभी होती, चार महिन्यांची तान्ही खांद्यावर. नवरा अनंता अजून समुद्रात. दिवा डोळ्यांत खुपेल इतका पांढरा पडला. हा गेला तर अनंताला खडक दिसणार कसे? ती तडक इंजिनघरात शिरली.

बापाचा जोडीदार धर्मा चाकाशी अंग चोरून तिरका उभा होता. समोरचं स्टूल रिकामं, वर एक सोनचाफ्याचं फूल.

"धर्मादादा, बसत का न्हाईस?"

"वर्षसराध व्हायचं हाय पोरी. त्याच्या जागेवर मी बसू?"

"मंग काटा कुठनं बघतोस?"

"हितनं. एकशेदहावर हाय की."

केसर वाकून स्टुलाच्या जागेवरून, अगदी समोरून बघू लागली. काटा एकशेअठरावर होता.

"तिरकं बघितलं की आकडा सरकलेला दिसतो, दादा. तीन दिवे तूच उडवलेस. आन् नाव माझ्या बापाचं."

धर्मा ओशाळून दाराकडे सरकला. "मंग तूच बस. लेक हायस, तुला काय करनार तो?"

तिने फूल उचललं आणि बसली. लाकूड ऊबदार होतं, जणू कुणी आत्ताच उठून गेलंय. लहानपणी ती इथेच बापाच्या मांडीवर बसे. तिने चाक फिरवलं, काटा खाली आला.

तेवढ्यात बर्फाचं यंत्र धापा टाकून थांबलं. आता दाब चढणार. तिने हात हलवायच्या आधीच बोटांखाली चाक फिरू लागलं, सावकाश, अर्धा फेरा, बाप फिरवायचा तसं. काटा जागचा हलला नाही. केसरने चाक अडवलं नाही. सोडलंही नाही.

खांद्यावरून तान्ही मागे कुणाकडे तरी बघून हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तशी. धर्मा तर समोर दारात उभा होता.

केसरने मान वळवली नाही.

"आली गो," धर्मा म्हणाला, "अनंताची होडी आली."

धक्क्यावर दोर आपटला, माणसांची बोलणी ऐकू आली. तरी ती हात काढायला तयार नव्हती. हात काढला की बाबा जाईल, एवढंच तिला कळत होतं.